विंडोज १० बंद झालं म्हणून चालता संगणक भंगारात टाकायचा का?

तळमजला
परवा इथे एकाने लिहिलं, "अजून विंडोज १० वापरणारा स्वतःसकट सगळ्यांना खड्ड्यात घालतो. मोबाइलवर दर दोन वर्षांनी पैसे घालता, मग पस्तीस हजारांचा लॅपटॉप घ्यायला काय जातं?" तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण राग जाईना, म्हणून वेगळा धागा.

मी साताऱ्यात दुकानदार, निवृत्त माणसं, एक-दोन पतसंस्था यांचे संगणक सांभाळतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले हे मला कुणी शिकवू नये. माझा आक्षेप विंडोज ११ च्या अटींवर आहे. टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) हवं, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) हवं, हे समजू शकतो. पण वर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. २०१७ चं सातव्या पिढीचं आय-५ मशीन घ्या. आठ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली, टॅली आणि जीएसटीचं काम विनातक्रार चालतं. टीपीएम २.० त्याच्या फर्मवेअरमध्येच असतं, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू केलं की झालं. तरी ते विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये सातव्या पिढीचाच आय-७ होता, तो मात्र यादीत बसवला! ही सुरक्षेची रेघ असती तर घरच्या मशीनसाठी वाकली नसती.

पस्तीस हजार म्हणजे माझ्या कित्येक गिऱ्हाइकांचं दोन-तीन महिन्यांचं पेन्शन आहे.

प्रॉक्सीमास्तर
ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेणार नाही. मी पुण्यात एका कंपनीत सुरक्षेचंच काम करतो. तुम्हाला फक्त तो एक संगणक दिसतो, मला त्याला जोडलेलं नेटवर्क दिसतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, ब्रिटनमधल्या इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. जूनमध्ये तसाच नॉटपेट्या आला, आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरचे ट्रक रस्त्यावर उभे.

दुसरं म्हणजे विंडोज १० आणि ११ चा बराच कोड एकच आहे. दर महिन्याला ११ चा पॅच (सुरक्षेचं भोक बुजवणारं अपडेट) निघतो. चोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघतो की नेमकं काय बदललं, आणि तेच भोक १० मध्ये शोधतो. म्हणजे अपडेट न मिळणाऱ्या मशीनचा नकाशा दर महिन्याला त्याच्या हातात पडतो. "माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

तळमजला
उदाहरणं तुम्हीच दिलीत, तर पुरती सांगा. वॉनाक्रायने लागण झालेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती आणि विंडोज ७ ला तेव्हा अपडेट मिळत होते. त्या भोकाचा पॅच मार्चमध्येच, दोन महिने आधी निघाला होता. लोकांनी लावला नव्हता. नॉटपेट्या तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत शिरलं. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने पंच्याऐंशी लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर आणली, विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यायची वेळ आली. त्यात किती मशीनं जुनी होती म्हणून पडली?

प्रॉक्सीमास्तर
वॉनाक्रायचं धरलं. पण त्यातून काय निघतं? पॅच लावला नाही म्हणून इस्पितळं अडकली. विंडोज १० ला आता लावायला पॅचच नाही. तुमच्या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम होते.

उत्तरसमुद्र
पॅच नाही हे खरं नाही. विस्तारित सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मी नेदरलँड्समध्ये राहतो, इथे ते फुकट आहेत, कारण ग्राहक संघटनांनी दबाव आणला. भारतातही ३० डॉलर भरायलाच हवेत असं नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे न देता नोंदणी होते, आणि एका खात्यावर दहा मशीनं बसतात. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला मात्र हा मार्ग नाही. ते धंद्याचं गिऱ्हाईक धरलं जातं. तिथे पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट.

मुक्तस्रोत
इतकी खटपट कशाला? विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका. केरळच्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्सवर मुलं शिकतात. ब्राउझर, लिब्रेऑफिस, प्रिंटर, सगळं चालतं. सातव्याच काय, चौथ्या पिढीच्या मशीनवरही चालतं.

कंपोजवाली
असा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस माझ्या दुकानात बसवावंसं वाटतं. सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं. पेजमेकर, कोरल आणि डोंगलवर (परवान्याची किल्ली असलेल्या छोट्या प्लगवर) चालणारं मराठी फॉन्टचं पॅकेज, ह्यावर माझं घर चालतं. डोंगल काढला की टायपिंग बंद. यातलं काय चालेल तुमच्या मिंटवर? माझ्यासाठी प्रश्न विंडोज १० का ११ हा नाहीच. नव्या मशीनवर त्या जुन्या डोंगलचा ड्रायव्हर बसत नाही, आणि पॅकेज विकणारे म्हणतात नवी आवृत्ती विकत घ्या.

शुद्धनागरी
मग घ्या, नाहीतर ते फॉन्ट सोडा! १९९१ पासून युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या जागतिक सांकेतिक पद्धतीत) देवनागरी आहे. विंडोज २००० पासून मशीनमध्ये आहे. तुमच्या त्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात मराठी नसतोच, आत इंग्रजी अक्षरं आणि कंस असतात, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा. शोधता येत नाही, मोबाइलवर उघडत नाही. माझ्या वडिलांनी आमच्या तालुक्याचा इतिहास लिहिला, आयुष्यभराचं काम. ते गेल्यावर प्रेसवाल्याने सीडी दिली. उघडली तर पानंच्या पानं चिन्हांचा कचरा, आणि तो फॉन्ट आता कुणाकडे नाही. छापील एकच प्रत उरली आहे, ती बघून मी सगळं पुन्हा टाइप करतोय. दिवाळी अंक, गॅझेटं, स्मरणिका, किती मजकूर असा गाडला गेला असेल! कंपोजवाल्यांनी वेळेवर बदल केला असता तर ही वेळ आली नसती.

कंपोजवाली
दोष कंपोजवाल्यांचा? पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडला नाही तर 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या नंतर जाऊन बसते. हा पर्याय कुठे असतो हे आम्हाला कुणी सांगायचं? आणि ते सॉफ्टवेअर दरमहा भाड्याने घ्यायचं, एका पत्रिकेमागे मला काय सुटतं ते विचारा आधी. कन्व्हर्टर वापरून पाहिले. रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, पुन्हा अख्खं प्रूफ वाचायचं. त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

माझी बोटं रेमिंग्टनच्या कीबोर्डवर तयार झालीत, सरकारी टंकलेखन परीक्षा त्यावरच दिली. माझ्याकडे काम शिकलेल्या मुली आज तालुक्यात स्वतःची दुकानं चालवतात. वडिलांच्या पुस्तकाचं वाईट वाटलं, खरंच. पण ते ज्या बाईने रात्री जागून टाइप केलं असेल तिला दोष देऊ नका. तेव्हा तिच्यापुढे दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

शुद्धनागरी
तिला नाही दिला दोष. तेव्हाचं ठीक. पण आज ठेवलंय ना पुढे? आज, या वर्षीसुद्धा, तुम्ही नवी प्रश्नपत्रिका त्याच फॉन्टमध्ये करताय. वीस वर्षांनी कुणीतरी तुमचीही सीडी उघडेल.

मुक्तस्रोत
ताई, पानं लावायच्या स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरच्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात. आयबस ही टायपिंगची सोय टाकली की रेमिंग्टनचा हिंदी लेआउटही मिळतो. कोरल चालणार नाही, हे मात्र खरं.

कंपोजवाली
ऑफसेटवाल्याला कोरलचीच फाइल लागते. त्यालाही समजवायला या.

प्रॉक्सीमास्तर
फॉन्टवर दुसरा धागा काढा. ताई, तुमच्या बाबतीत एक मानतो, तुमचं मशीन बदलून उपयोग नाही. पण मग त्याची केबल काढा, वायफाय बंद करा. त्यावर फक्त कंपोज. मेल, व्हॉट्सअ‍ॅप, बँक दुसऱ्या मशीनवर.

कंपोजवाली
आणि गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येतं त्याचं काय? परवाच एका शाळेच्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले होते. नेट नसलं तरी व्हायरस दारातून चालत येतो.

प्रॉक्सीमास्तर
पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर लावा, तिथे लिनक्स असेल तर उत्तम. ते शॉर्टकट आणि त्यामागची स्क्रिप्ट विंडोजसाठीच लिहिलेली असते, तिथे चालणार नाही. हवी ती फाइल तेवढी स्वच्छ पेनड्राइव्हवर घ्या. होय मुक्तस्रोत, लिनक्स म्हणालो मी.

तळमजला
एवढं सांगितलंत तेच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर हा धागा निघाला नसता. "नवं घ्या" म्हणणं सोपं आहे. एक गोष्ट कुणीच काढली नाही, म्हणून सांगतो. मी उघडतो त्यातल्या कित्येक मशीनवर चोरीचं विंडोज असतं, फुकटच्या अ‍ॅक्टिवेटरने चालू केलेलं. तो अ‍ॅक्टिवेटर टाकताना पहिली पायरीच असते डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करा. ते परत कुणी चालू करत नाही. असं मशीन विंडोज ११ वर असलं तरी उघडंच. नव्या लॅपटॉपसाठी दबाव टाकला की माणूस सेकंडहँड घेतो आणि दुकानदार त्यावर हेच करून देतो.

प्रॉक्सीमास्तर
हे बरोबर आहे. पण मूळ प्रश्न टाळू नका. निवृत्त मास्तरांचं नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल, मान्य. तुमच्या त्या पतसंस्थांचं काय करताय? तिथे लोकांच्या ठेवी आहेत.

तळमजला
त्यांना ६१ डॉलर आणि पुढे दुप्पट हा हिशेब संचालकांसमोर मांडला. काउंटरची मशीनं बदलायचा ठराव झाला, मीच सुचवला. काढलेली मशीनं भंगारात जाणार नाहीत. त्यांच्या डिस्क पुसून, मिंट टाकून गावच्या वाचनालयाला द्यायची आहेत. मुक्तस्रोत, त्यावर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून ठेवायचं आहे, पायऱ्या व्यनि करा.