आमांश, हगवण की डिसेंट्री? सूचनाफलकावर कोणता शब्द असावा

घंटाळीकर (धागालेखक):
गेल्या पावसाळ्यात आमच्या नौपाड्यातील सोसायटीच्या टाकीत गढूळ पाणी शिरले आणि लिफ्टपाशी सूचना लागली, ‘अतिसाराचे रुग्ण आढळले आहेत, पाणी उकळून प्यावे.’ डॉक्टरांनी सांगितलेला शब्द डिसेंट्री होता. सूचना लिहिणाऱ्याने तो ‘शुद्ध’ करून घेतला. तळमजल्यावरच्या आजींना अतिसार म्हणजे जुलाब हे ठाऊक होते, परंतु त्यांना पातळ जुलाब होत नव्हते, वारंवार कळ येऊन थोडी चिकट आव आणि रक्त पडत होते. त्यामुळे ती सूचना आपल्यासाठी नाही असे समजून त्या तीन दिवस घरीच राहिल्या. तेथे ‘आमांश’ लिहिले असते तर त्यांना लगेच कळले असते.

या दोन शब्दांकडे जरा बारकाईने पाहावे. ग्रीक ‘दुसेन्तेरिया’मधला ‘दुस्’ म्हणजे आपल्या ‘दुर्जन’, ‘दुष्काळ’ यांतला दुस् आणि ‘एन्तेरा’ म्हणजे संस्कृत ‘अंत्र’, ज्यापासून आपले आतडे आले. म्हणजे त्या नावात आतडे बिघडले एवढेच आहे. आमांशातला ‘आम’ म्हणजे कच्चे, न पचलेले. ग्रामचे गाव आणि नामचे नाव झाले तशी आमची आव झाली. जे डोळ्यांना दिसते तेच आपल्या शब्दात आहे, म्हणून सूचनेत आमांशच हवा, असे माझे ठाम मत आहे.

ऐरोलीकर:
मी पूर्णपणे असहमत आहे. आजींना आमांश कळला असता हे मान्य, परंतु त्याच इमारतीतल्या पंचविशीतल्या भाडेकरूला आव हा शब्द ‘आव आणणे’ एवढ्यापुरताच माहीत असतो. आमांश वाचून अनेक जण त्याचा संबंध अमीबाशी जोडतात. हे साम्य केवळ उच्चाराचे आहे; अमीबाचा जीव रुग्णाच्या मळात रशियन डॉक्टर लॉश यांनी सेंट पीटर्सबर्गला पाहिला तो 1875 साली, आणि आमांश हा शब्द त्याहून जुना. तरीही गैरसमज महागात पडतो, कारण हाच आजार शिगेला जिवाणूमुळेही होतो, आणि घरात उरलेल्या, अमीबावरच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या त्या जिवाणूवर चालत नाहीत. शिवाय पडते तो आतड्याचा श्लेष्मा असतो, न पचलेले अन्न नव्हे. ज्या शब्दाच्या पोटातच चुकीची उपपत्ती आहे, तो सूचनेसाठी का धरून ठेवायचा? डिसेंट्री लिहावे; दवाखान्यात तोच शब्द चालतो.

नेरुळकर:
आपण दोघेही आव आणि आतडे यांतच अडकला आहात. रोग्याला सर्वांत आधी जाणवतो तो मुरडा. गुजरातीतला मरडो तोच, आणि हिंदीतली पेचिश फारसी ‘पेच’ म्हणजे पीळ यावरून आलेली. युनानी वैद्यकातल्या ‘ज़हीर’च्या मुळाशी कण्हणे-कुंथणे आहे. सुश्रुताची ‘प्रवाहिका’ही वाहण्यावरून आली असे वाटते, पण तिचा संबंध प्रवाहणाशी, म्हणजे कुंथण्याशी आहे. जपानी ‘सेकिरी’त मात्र लाल रंग आहे, जपानी शास्त्रज्ञ शिगा यांनी 1897 साली शिगेला जिवाणू शोधला तो याच नावाच्या साथीत. बंगालीत तर या रोगाला ‘आमाशय’ म्हणतात, जो आपल्याकडे जठराचा शब्द आहे. प्रत्येक भाषेने रोगाची एकेक बाजू उचलली आहे, त्यामुळे कोणताही एक शब्द सूचनेला पुरणार नाही.

येऊरकर:
हगवण हा शब्द कोणी उच्चारायलाच तयार नाही, याचे आश्चर्य वाटते. शेळ्यांची आणि कोंबड्यांची ‘रक्ती हगवण’ आपण निःसंकोच लिहितो, माणसाच्या बाबतीत मात्र आपल्याला संस्कृत किंवा इंग्रजी पडदा लागतो. येऊरच्या पाड्यांवर कुड्याची साल कशासाठी उकळतात असे विचारले तर उत्तरात अतिसार येणार नाही. (ती उकळून प्यावी असा माझा सल्ला मात्र नाही.)

घंटाळीकर:
ऐरोलीकरांचा अमीबाचा मुद्दा मला मान्य आहे. तो माझ्या लक्षात आला नव्हता. उपपत्तीचा मुद्दा मात्र टिकत नाही. मलेरिया म्हणजे इटालियन भाषेत ‘वाईट हवा’. डास सापडल्यावर ते नाव कोणी टाकून दिले नाही. येऊरकरांना एवढेच सांगतो की हगवण म्हटले तरी आजी पुन्हा पातळ जुलाबच समजल्या असत्या, आणि सारा घोटाळा तिथेच झाला होता.

ऐरोलीकर:
मग नावाचा हट्टच सोडून द्या. ‘शौचावाटे आव किंवा रक्त पडत असेल, पोटात मुरडा येत असेल, तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे,’ असे लिहावे. रक्त पडत असताना लोपेरामाइडसारखे औषध घेणे धोक्याचे असते, हे त्या भाडेकरूलाही कळायला हवे.

घंटाळीकर:
मजकूर उत्तम आहे, तो आज सचिवांकडे देतो. वर ठळक अक्षरात आमांश लिहिणार आहे, आणि तुमच्या समाधानासाठी खाली डिसेंट्री.

ऐरोलीकर:
उलट लिहावे. ठळक अक्षरे भाडेकरूसाठी ठेवावीत. आजी चष्मा लावून खालची ओळही वाचतील.