मदत हवी आहे : एपिक्युरसचा सुखवाद समजून घ्यायचा आहे
नमस्कार. प्राचीन ग्रीक विचारवंत एपिक्युरसचे तत्त्वज्ञान मित्रमंडळींसमोर मांडण्याआधी ते मला स्वतःला नीट उमगायला हवे, कारण सुखवाद म्हटले की आपल्याकडे लगेच ‘ऋण काढून तूप प्या’ आठवते. प्रत्यक्षात अथेन्सच्या बागेत साध्या भाकरी-पाण्यावर समाधान मानणारा हा माणूस, मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून मित्राकडे चीजचे एक छोटे मडके मागतो! मेनोइकेउस या शिष्याला लिहिलेले त्याचे पत्र मी दोनदा वाचले, तरी एक अडचण उरतेच : शरीराला वेदना नसणे आणि मनाला अस्वस्थता नसणे हेच परमसुख असेल, तर खाण्यापिण्यातल्या क्षणिक सुखाला तो नेमके कोणते स्थान देतो? यापुढे त्याची ४० मुख्य सूत्रे वाचावीत की त्याचे विचार मांडणाऱ्या रोमन कवी ल्युक्रेशियसचे काव्य, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.