मदत हवी आहे: वडिलांच्या तिकिटांची वाटणी, कुठला कॅटलॉग खरा मानायचा?

धरमपेठकर

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. मागे सोनंनाणं फारसं नाही, पोस्टाच्या तिकिटांची सहा स्टॉकबुकं मात्र आहेत. ताई आणि मी, दोघांतच वाटायची. भांडण नाही, पण किमतीचा घोळ झालाय. ताईकडे तिकिटांच्या किमती देणारा बाबांचाच २०१० सालचा कॅटलॉग आहे. मी सीताबर्डीतल्या एका ओळखीच्या काकांकडून नवा आणला. दोन्हींचा मेळच बसत नाही. गांधीजींचा १९४८चा सेट वर गेलाय, बाबांनी जिवापाड जपलेली हंगेरी-रुमानियाची तिकिटं जिथल्या तिथे, आणि काही चक्क खाली आलीत. जुन्या वस्तूचा भाव खाली कसा येतो? त्यात एका डीलरने सगळं चाळून जो आकडा सांगितला, तो नव्या कॅटलॉगच्या बेरजेच्या पावभागही नाही. डीलर फसवतोय की कॅटलॉग?

जुनी_मोहर

कोणीच नाही. उत्तम स्थितीतलं तिकीट दुकानातून घ्यायला गेलात तर साधारण काय पडेल, तो आकडा कॅटलॉगात असतो. तुम्ही विकायला निघालात. मधल्या फरकात त्याचं भाडं, अडकून पडणारा पैसा आणि नफा. शिवाय अगदी फुटकळ तिकिटालाही कॅटलॉग एक किमान किंमत लावतो. ती तिकिटाची नसते, ते शोधून पाकिटात घालून देण्याच्या मजुरीची असते. अशा हजार तिकिटांची बेरीज केलीत तर मजुरीचीच बेरीज होते.

हंगेरी-रुमानियाची तिकिटं उलटून पाहा. कोपऱ्यात नेटका शिक्का आणि पाठीला गोंद शाबूत? मग ती पत्रावर कधी लागलीच नाहीत. तिथल्या सरकारांनी शिक्के मारूनच ती संग्राहकांसाठी गठ्ठ्याने विकली. आमच्या लहानपणी अख्ख्या नागपुरातल्या पोरांच्या वहीत तीच होती, भाव कुठून येणार?

आता चढउतार. कॅटलॉगवाले भाव ठरवत नाहीत, लिलावांतले आकडे आणि डीलरांच्या याद्या पाहून मागाहून लिहितात. चीनचं १९८०चं माकडाचं तिकीट ८ फेनचं, म्हणजे तिथल्या चिल्लर पैशांचं. चीनमध्ये लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, आपल्याच देशाची तिकिटं घ्यायला झुंबड उडाली, आणि त्याचा भाव कुठल्या कुठे गेला. उलटही होतं. ब्रिटनमध्ये १९७९-८०च्या सुमारास तिकिटं म्हणजे गुंतवणूक समजणारे घुसले, भाव फुगले, ते निघून गेल्यावर आपटले. अमेरिकेच्या स्कॉट कॅटलॉगने तर १९८९च्या आवृत्तीत पुष्कळ भाव एकदम उतरवले, कारण छापलेल्या किमतीला दुकानात कोणी घेतच नव्हतं. तिकिटं तीच होती, आकडा खरा झाला.

माझा आवडता किस्सा १९६२चा. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हॅमरशील्ड यांच्या अमेरिकी तिकिटावर पिवळा रंग उलटा छापला गेला. ज्याला ते शीट मिळालं तो लॉटरी लागल्यासारखा नाचला असेल. टपाल खात्याने मुद्दाम तशीच चार कोटींवर छापली! झाली चिल्लर.

धरमपेठकर

मग गांधीजींचा सेट का चढला?

जुनी_मोहर

त्यातलं दहा रुपयांचं तिकीट सगळा सेट ओढतं. १९४८ साली तिकिटासाठी दहा रुपये कोण मोजणार? दीड आण्याचं मात्र ढिगाने खपलं. आणि आता गांधीजी गोळा करणारे जगभर आहेत. पण व्हॉट्सॲपवर येणारी ती पाच लाख पौंडांची बातमी विसरा. २०१७ साली विकली गेली ती सरकारी टपालासाठी 'सर्व्हिस' अक्षरं छापलेल्या चार तिकिटांची पट्टी. तुमचं साधं असणार. आणि कोणी 'सर्व्हिस'वालं स्वस्तात देऊ केलं तर दोन हात लांबच राहा, नकली छाप भरपूर फिरतात.

वऱ्हाडी_भाऊ

कॅटलॉग ठेवा बाजूला बाप्पा. तिकिटाची पाठ पाह्यली का? अन् कपाट कूलरच्या खोलीत तर नव्हतं नं? नागपूरचा उन्हाळा तिकिटाले मारत नाही, कूलरची ओल मारते. डाग पडला की कॅटलॉगचा भाव लागतच नाही.

वाटणीचं म्हणाल तर शेताच्या वाटणीत करतात तेच करा. एकानं दोन वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. वाटे करणारा आपोआप नीट करतो.

धरमपेठकर

पाहिलं. वीस उन्हाळे कूलरसमोरच्या कपाटातच. दहा रुपयांच्या तिकिटाच्या पाठीला हिंज (वहीत डकवायची कागदी पट्टी) चिकटवलेली आहे आणि कडेला तीन पिवळे ठिपके. नव्या कॅटलॉगातला भाव बिनहिंजवाल्याचा आहे, हे आज कळलं. वाटे ताई करते म्हणाली, उचलणार मी. ठिपके काढता येतात का?

जुनी_मोहर

हात लावू नका. लिंबू नाही, ब्लीच नाही, खोडरबरसुद्धा नाही. ते तिकीट चांगल्यांपासून वेगळं काढून कोरड्या जागी ठेवा, आणि पाठीचा फोटो टाका.