आरोपी कोणाच्या ताब्यात? ओकिनावातला एक प्रश्न, कोणी समजावून सांगेल का

कुर्ला_पूर्व

नमस्कार. मी महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, बहुतेक काळ सातवीचा वर्ग. कायद्यातलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

माझी मुलगी जपानच्या ओकिनावा बेटावर संशोधन करते. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे राहून आले. एका रविवारी तिच्या घरमालकीणबाई आम्हाला गिनोवान शहरातल्या काकाझूच्या टेकडीवर घेऊन गेल्या. तिथून अमेरिकन मरीन सैन्याचा फुतेनमा तळ अख्खा दिसतो. ऐन शहराच्या मधोमध, शहराची जवळपास चौथाई जमीन अडवून. कुंपणाला लागून घरं, शाळा. मी कुर्ल्याची, विमानं डोक्यावरून जाण्याची मला सवय आहे. तरी तिथे उभं राहून जीव घाबरला.

बाईंनी १९९५ ची हकिकत सांगितली, मुलगी भाषांतर करत होती आणि मध्येच थांबली. ४ सप्टेंबरची संध्याकाळ. बारा वर्षांची मुलगी दुकानातून वही घेऊन घरी निघाली होती. तीन अमेरिकन सैनिकांनी तिला भाड्याच्या गाडीत कोंबून नेलं आणि तिच्यावर अत्याचार केला. ते कोण, हे काही दिवसांत पोलिसांना कळलं होतं. पण २९ सप्टेंबरला आरोप दाखल होईपर्यंत ते तिघे अमेरिकन ताब्यातच राहिले. २१ ऑक्टोबरला गिनोवानला ८५ हजार लोक जमले, त्यात बाई होत्या, पाठीवर तान्हं मूल घेऊन.

बारा वर्षांची म्हणजे सातवीतली. माझ्या वर्गात दरवर्षी तशा तीसेक मुली असायच्या. ती वही माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलगी त्यांची, जमीन त्यांची, खटला शेवटी ओकिनावातल्याच नाहा शहराच्या न्यायालयात चालला आणि १९९६ मध्ये दोघांना सात वर्षं, एकाला साडेसहा वर्षं शिक्षा झाली. मग पहिल्या दिवशी ताबा का नाही? आणि माझगाव डॉकने २०२३ मध्ये अमेरिकन नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार केला आहे. उद्या आपल्याकडे असं काही घडलं तर?

फोर्टची_वकील

ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि वर्तमानपत्रं ते एकत्र कालवतात. खटला कोण चालवणार हा एक, आणि तोवर आरोपीला कोण ठेवणार हा दुसरा.

जपानमधल्या अमेरिकन सैन्याबद्दलचा जपान-अमेरिका करार १९६० चा, त्यातलं कलम १७. सैनिकाने ड्युटीवर असताना गुन्हा केला, किंवा आपल्याच सैन्यातल्या माणसाविरुद्ध केला, तर खटल्याचा पहिला हक्क अमेरिकेचा. बाकीच्या गुन्ह्यांत जपानचा. नाटो देशांच्या सैन्यांबद्दलच्या १९५१ च्या करारातही हीच विभागणी आहे. तुम्ही सांगितलेल्या खटल्यात हक्क जपानचाच होता, त्यावर वाद नव्हता. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की आरोपी अमेरिकेच्या हातात असेल, तर जपान आरोप दाखल करेपर्यंत तो तिथेच राहील. अडलं ते इथे. चौकशीसाठी त्यांना पोलिसांसमोर आणत होते, पण रात्री परत तळावर.

मी सेशन्स कोर्टात आरोपींची बाजू लढवते, त्यामुळे पहिल्या आठवड्याची किंमत मला ठाऊक आहे. अंगावरचे कपडे, गाडीतली माती, वैद्यकीय तपासणी, तिघांना वेगवेगळं ठेवून घेतलेले जबाब. आपल्याकडे अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, आरोपपत्राला मात्र ६० किंवा ९० दिवस मिळतात. तेवढे दिवस आरोपी आपल्या मित्रांच्या बराकीत आहे अशी कल्पना करून बघा.

अमेरिकेची बाजूही सांगते, कारण ती पोकळ नाही. जपानमध्ये आरोप दाखल होण्याआधी माणसाला २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं, आणि चौकशीच्या खोलीत वकील बसू देत नाहीत. बचावाचं काम करणारी कोणीही बाई हे ऐकून अस्वस्थ होईल. पण यावरचा उपाय म्हणजे त्या खोलीत प्रत्येकासाठी वकील बसवणं. परदेशी सैनिकाला तेवढं बाहेर ठेवून जपानी आरोपीचं काय भलं झालं?

ऑक्टोबर १९९५ मध्ये दोन्ही सरकारांत एवढंच ठरलं की खून आणि बलात्कारात आरोपाआधी ताबा मागितला तर अमेरिका 'सहानुभूतीने विचार' करेल. करारातला शब्द बदलला नाही. ताबा मागता येतो, मिळेलच असं नाही.

आणि 'ड्युटी' हा शब्द किती ताणता येतो ते कोरियात दिसलं. जून २००२ मध्ये चौदा वर्षांच्या दोन मुली रस्त्याने चालल्या होत्या, अमेरिकन चिलखती गाडीखाली चिरडल्या. सरावावरची गाडी, म्हणजे ड्युटी. कोरियाने खटल्याचा हक्क सोडा म्हणून विनंती केली, अमेरिकेने नाकारली. अमेरिकन लष्करी न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये गाडीवरच्या दोन्ही सैनिकांना निर्दोष सोडलं आणि सेऊलच्या रस्त्यांवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन उतरले. उलट १९५७ मध्ये जपानच्या सोमागाहारा सराव-मैदानावर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचणाऱ्या एका बाईला गिरार्ड नावाच्या सैनिकाने मारलं, तेव्हा अमेरिकेने हक्क सोडला आणि त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केलं. जपानी न्यायालयाने तीन वर्षं दिली, तीही स्थगित. पितळेच्या भंगारावर घर चालवणारी बाई होती हो ती.

निळा_ठिपका

सगळं मान्य, पण तैवान तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तळ उठला तर ओकिनावाचं रक्षण कोण करणार? सुरक्षेची किंमत असतेच.

कुर्ला_पूर्व

किंमत असते हे कबूल. पण जपानच्या ०.६ टक्के जमिनीवर फक्त अमेरिकेसाठी राखलेल्या तळांपैकी ७० टक्के जमीन, म्हणजे किंमत एकाच घराने भरायची. आणि मी तळ उठवा असं विचारलंच नाहीये. बाईंना सगळ्यात जास्त संताप १९९५ चा नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये एका हवाई दलाच्या सैनिकाने सोळा वर्षांखालच्या मुलीला पळवून नेलं. मार्च २०२४ मध्ये आरोप दाखल झाला, तोक्योच्या परराष्ट्र खात्याला माहीत होतं, ओकिनावाच्या सरकारला जूनअखेर बातम्यांतून कळलं. मधल्या काळात १६ जूनला तिथल्या विधिमंडळाची निवडणूक होऊन गेली. तिथले राज्यपाल डेनी तामाकी, ज्यांचे स्वतःचे वडील अमेरिकन मरीन होते, त्यांनाही सांगितलं नाही. तीन महिने शेजारच्या आयांनी मुलींना सांभाळून राहा असं सांगायचं तरी कसं?

माझगावचा_खलाशी

वहिनी, तुमच्या डॉकच्या प्रश्नाचं मी सांगतो, ३४ वर्षं जहाजावर काढली आहेत. दुरुस्तीचा करार म्हणजे तळ नव्हे. २०१६ च्या लेमोआ करारातही (भारत-अमेरिकेने एकमेकांच्या सैन्याला इंधन-रसद पुरवण्याचा करार) तळाची तरतूद नाही, सरकारने तेव्हाच तसं जाहीर केलं होतं. युद्धनौकेवर मात्र कप्तानाच्या परवानगीशिवाय आपला पोलीस पाय ठेवू शकत नाही, हा जगभरचा नियम. खलाशी सुट्टीवर उतरून कुलाब्यात काही करून बसला तर तो आपल्या पोलिसांचा.

फिलिपिन्सचं लक्षात ठेवा. तिथला तळ १९९२ ला बंद झाला, तरी सरावासाठी येणाऱ्या सैनिकांसाठी वेगळा करार झाला. २००५ मध्ये सुबिकला एका मरीनवर बलात्काराचा आरोप झाला, २००६ च्या डिसेंबरात मकाटीच्या न्यायालयाने त्याला ४० वर्षं दिली. अमेरिकेने पुढच्या वर्षीचा संयुक्त सरावच रद्द केला. २९ डिसेंबरच्या रात्री त्याला तुरुंगातून काढून अमेरिकन दूतावासात नेऊन ठेवलं, मग सराव परत ठरला. २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याला सोडलं. अपिलात काय झालं तो भाग वेगळा, पण शिक्षा झालेला माणूस रात्रीतून हलतो ही गोष्ट मी विसरत नाही.

आपल्याकडची एनरिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजाची गोष्ट तर आठवतच असेल. १५ फेब्रुवारी २०१२, केरळच्या किनाऱ्याबाहेर दोन मच्छीमार इटालियन नौसैनिकांच्या गोळ्यांनी गेले. त्या वर्षांत आमच्याही जहाजावर बंदूकधारी पहारेकरी असायचे. दुर्बिणीतून चाच्यांची होडी आणि मच्छीमाराची होडी सारखीच दिसते हे मला माहीत आहे, म्हणूनच तर आधी भोंगा, मग दिवा, मग पाण्याचा मारा असा क्रम असतो. इटलीचं म्हणणं तेच, ड्युटीवर होते. २०१३ मध्ये मतदानाला म्हणून सोडलेले दोघे परत पाठवणार नाही असं इटली म्हणाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या राजदूतालाच देश सोडायला मनाई केली. ते परत आले. शेवटी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने त्यांना संरक्षण आहे असं ठरवलं, भरपाई दहा कोटी, आणि जून २०२१ मध्ये आपल्याकडची फाइल बंद. ससून डॉकवर माझा एक कोळी मित्र आहे. तो तेव्हा एवढंच म्हणाला, "पैसे मिळाले, पण गोळी का मारली ते कोर्टात कोणी विचारलंच नाही."

निवृत्त_हवालदार

दोन दिवस हा धागा वाचतोय, लिहू की नको असं होत होतं.

मी आफ्रिकेत शांतिसेनेत वर्षभर होतो. देश आणि युनिट लिहीत नाही. निळं हेल्मेट घातलेल्या सैनिकावर त्या देशाचं न्यायालय खटला चालवू शकत नाही, ज्याचा सैनिक त्याचाच कायदा. म्हणजे आमच्यावर फक्त भारताचा लष्करी कायदा. तिथे आम्ही म्हणजे तुमच्या गोष्टीतले अमेरिकन.

आमच्या ट्रकने लाकडी ढकलगाडी घेऊन चाललेल्या एका मुलाला धडक दिली. बारा-तेरा वर्षांचा असेल. मी मागच्या गाडीत होतो. तिथला पोलीस आला, वहीत नंबर लिहिला आणि बाजूला उभा राहिला, कारण त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. कॅम्पात कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली, नियमाने झाली, मीही जबाब दिला. ड्रायव्हरला मोकळं सोडलं असं नाही. पण मुलाचा बाप तीन दिवस गेटवर येत होता. त्याला आतली भाषा कळत नव्हती, आणि चौकशीत काय ठरलं हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. मी संत्रीची ड्युटी करत होतो, तो माझ्यासमोर बसला होता.

फोर्टची_वकील

दादा, तुम्ही हे लिहिलंत, आभार. एक भर घालते. १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने वटहुकूम काढून भारतातल्या अमेरिकन सैनिकांना इथल्या न्यायालयांच्या बाहेर ठेवलं होतं. आपण दोन्ही बाजूंनी हे पाहिलेलं आहे. शांतिसेनेच्या करारात निकाल फिर्यादीला त्याच्या भाषेत, लेखी कळवणं सक्तीचं करावं, ही मागणी आपल्या देशानेच लावून धरावी असं मला मनापासून वाटतं. त्याला ना तळ हलवावा लागतो, ना कोणाचं संरक्षण जातं.

कुर्ला_पूर्व

हवालदार दादा, त्या मुलाचं पुढे काय झालं?

निवृत्त_हवालदार

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दुभाष्याकडून कळलं, आम्ही परत निघायच्या आठवड्यात. बाप त्यानंतर गेटवर आला नव्हता. माझ्या जबाबाची प्रत माझ्याकडे नाही, पण गावाचं नाव पाठ आहे.