खोलीचं भाडं आणि पाण्याचा खरेपणा

महागड्या र्‍योकानमध्ये (पारंपरिक जपानी निवासगृहात) उतरलं की तिथल्या ओन्सेनचं, म्हणजे नैसर्गिक गरम झऱ्याच्या स्नानाचं, पाणी अस्सल असणारच, असं बरेच जण म्हणतात. जेवण, शांतता, अगत्य याबाबत मान्य, पाण्याबाबत नाही. जपानच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीतून निघताना पाणी निदान २५ अंश सेल्सिअस असलं, किंवा ठरवलेल्या १९ घटकांपैकी एक जरी पुरेसा असला, की ते ओन्सेन. मग ते बॉयलरवर तापवा, क्लोरीन घालून तेच तेच फिरवा, नाव बदलत नाही. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने या ओन्सेनच्या गावी, जिथल्या दुधाळ पाण्यासाठी लोक लांबून येतात, काही ठिकाणी पाणी पांढरं दिसावं म्हणून चक्क पूड मिसळत असल्याचं उघड झालं. त्यानंतर २००५ पासून साधं पाणी मिसळलंय का, तापवलंय का, फिरवलंय का, जंतुनाशक घातलंय का, हे लिहून लावणं सक्तीचं झालं.

तो कागद बहुधा कपडे बदलायच्या खोलीतच असतो, आणि सगळे त्याच्यासमोरून निघून जातात. आईबाबांना हौसेने एका महागड्या ठिकाणी नेलं तेव्हा मीही तसाच गेलो. टबात उतरल्यावर जलतरण तलावासारखा वास आला. आईच्या गुडघ्यांसाठी एवढा खटाटोप केला होता, फार वाईट वाटलं. आता बुकिंगआधीच विचारतो, ‘गेन्सेन काकेनागाशी’ आहे का? म्हणजे झऱ्याचं पाणी सतत आत येतं, काठावरून वाहून जातं, पुन्हा वापरत नाहीत. साध्या, स्वस्त घरगुती र्‍योकानमध्येही ते मिळतं.