ईएसबीने दुसऱ्याच्या टेबलात थेट हात घालावा का?

रात्रपाळी
एका साखर कारखान्याचं काम हातात आहे. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर व्हीबी ६ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या भाषेतलं, खाली एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. ऊसबिलांची प्रणाली वेगळी, ती पोस्टग्रेस डेटाबेसवर. दोघांच्या मधे ईएसबी, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधला डेटा दुसऱ्यात पोचवणारी 'बस', म्हणून म्यूल. आधीच्या टीमने म्यूलचा 'ऑन टेबल रो' लिसनर थेट पावत्यांच्या टेबलावर लावला होता. दर १० सेकंदांनी विचारायचं, शेवटी उचललेल्या पावती नंबराच्या पुढे काय आलंय? तो शेवटचा नंबर म्हणजे वॉटरमार्क.

गळीत हंगाम सुरू झाला आणि पावत्या गळायला लागल्या. सगळ्या नाही, दिवसाला दोन-चार. शेतकरी पावती हातात घेऊन दारात उभा, आणि बिलात ती नाहीच. दोन रात्री लॉग चाळले, एरर एकही नाही. शेवटी काट्यावरच जाऊन बसलो. गाडीचं वजन दोनदा होतं. भरलेली आली की पावती नंबर पडतो. ऊस उतरवून रिकामी परत आली की दुसरं वजन चढतं आणि पावती पूर्ण होते. बस डेटाबेसला जो प्रश्न विचारते त्या क्वेरीत अट होती, पूर्ण झालेल्या पावत्याच उचला. ४११७ चा ट्रॅक्टर गव्हाणीपाशी रांगेत अडकला, मागून आलेली ४११८ ची बैलगाडी आधी मोकळी झाली. बसने ४११८ उचलली, वॉटरमार्क पुढे सरकला. ४११७ पूर्ण झाली तेव्हा तिला विचारणारं कोणी राहिलं नव्हतं.

माझं मत आता पक्कं आहे. टेबलाची रचना ही त्या सॉफ्टवेअरच्या घरातली गोष्ट, बसने तिथे डोकावू नये. व्हेंडरने एपीआय, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरने डेटा मागायची ठरलेली वाट, द्यावी, नाहीतर पूर्ण पावत्या स्वतःहून टाकायला एक आउटबॉक्स टेबल तरी.

टेबलफॅन
चूक क्वेरीची आणि शिक्षा डेटाबेस कनेक्टरला? व्हीबी ६ मध्ये कोड लिहायच्या साधनाचा, आयडीईचा, सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच थांबवला. तो व्हेंडर आता एपीआय लिहिणार? सोर्स कोड त्याच्याकडे सापडला तरी पेढे वाटा. अशा जुन्या सॉफ्टवेअरला एकच दरवाजा असतो, आणि तो एसक्यूएलचा. कॅमल या म्यूलसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ सोय आहे: ओळ उचलली की 'ऑनकन्झ्यूम' मध्ये अपडेट लिहायचं, ओळीवर खूण होते. वॉटरमार्कच नको.

रात्रपाळी
खूण करायला कॉलम हवा ना! टेस्ट डेटाबेसवर घालून पाहिला. काट्याचं सॉफ्टवेअर इन्सर्टमध्ये कॉलमची नावंच देत नाही, नुसत्या व्हॅल्यू ओततं. एक कॉलम वाढला आणि पहिल्याच गाडीला स्क्रीन पडली. वर व्हेंडरचा निरोप, टेबलाला हात लावलात तर एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) रद्द.

टेबलफॅन
मग खूण बाजूला ठेवा. आपला वेगळा डेटाबेस, त्यात उचललेल्या पावत्यांचे नंबर. पूर्ण आहे आणि आपल्या यादीत नाही, ती उचला. अर्ध्या दिवसाचं काम आहे, राव.

मधली_सुट्टी
विषयाला धरूनच, पण जरा बाजूचं. डब्ल्यूएसओटू या दुसऱ्या ईएसबीमध्ये आम्ही डेटाबेसमधून माहिती आणणारा डीबीलूकअप मीडिएटर लावला आणि शंभर ओळींची वाट बघत बसलो. तो एकच ओळ देतो. तसं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलंही आहे, आम्ही ते नंतर वाचलं. सगळ्या ओळी हव्या असतील तर त्यांची डेटा सर्व्हिस वापरायची.

जुनाजाणता
एवढी उठाठेव कशाला? दोन्ही डेटाबेस एका एक्सए ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या. दोन्हीकडे कमिट, म्हणजे नोंद पक्की, नाहीतर कुठेच नाही.

डीबीएवाली
जुनाजाणता, न उचललेल्या पावतीला एक्सए काय करणार? ती ट्रान्झॅक्शनमध्ये शिरतच नाहीये. शिवाय पोस्टग्रेसमध्ये 'मॅक्स प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स' मुळात ० असतं, ते वाढवायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. आणि बस मधेच पडली की ती अर्धवट ट्रान्झॅक्शनं लॉक धरून बसतात. रात्री दोनला ती कोण सोडवणार? तुम्ही याल?

रात्रपाळी, तुमचा आउटबॉक्स मला सगळ्यात आवडतो, पण तुमच्या व्हेंडरकडून तो यायचा नाही. आणि टेबलफॅन, तुम्ही म्हणता त्या दरवाजातून काय काय आत येतं ते मी बघितलंय. बसची क्वेरी आणि काट्याचं अपडेट एकाच ओळीवर भिडतात, काटा दोन सेकंद अडकतो, बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. मग कोणीतरी शहाणा क्वेरीत 'नोलॉक' टाकतो. काटा सुटतो खरा, पण आता बस कमिट न झालेल्या ओळीही वाचते. ऑपरेटरने रद्द केलेली पावती बिलाला लागते, आणि ती कुठून आली हे काट्याच्या डेटाबेसमध्ये शोधून सापडत नाही. तुमच्याकडे नोलॉक आहे का, बघा.

माझं ऐकाल तर एसक्यूएल सर्व्हरमधलं चेंज ट्रॅकिंग चालू करा. टेबलात कॉलम घालावा लागत नाही, कुठल्या ओळी बदलल्या ते सर्व्हरच सांगतो. सीडीसी (बदललेला डेटाही टिपून ठेवणारी सोय) सुचवलं असतं, पण त्याला एसक्यूएल एजंट लागतो आणि कारखान्यात बहुधा एक्सप्रेस ही मोफत एडिशन असणार, तिच्यात तो नसतो. चेंज ट्रॅकिंग एक्सप्रेसवर चालतं. फक्त टेबलाला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची न दुहेरावणारी ओळख, हवी.

टेबलफॅन
म्हणजे शेवटी डेटाबेसनेच तारलं की नाही? एपीआय कुठे लागला?

रात्रपाळी
ताई, एक्सप्रेसच आहे. नोलॉकही आहे, तीन ठिकाणी. प्रायमरी की मात्र नाही. पावती नंबरावर लावू म्हटलं तर एररच आली, डुप्लिकेट. नंबर दर हंगामाला १ पासून सुरू होतो आणि मागचे सहा हंगाम त्याच टेबलात पडून आहेत.

डीबीएवाली
मग टेबलफॅन यांची यादीही पुढच्या हंगामात मुकी होणार. ४११७ आधीच उचललेली आहे म्हणेल.

टेबलफॅन
हंगाम आणि नंबर मिळून की करा. हंगामाचा कॉलम असेलच की.

रात्रपाळी
आहे. त्यात तारीख आहे, तीही टेक्स्ट म्हणून. काही ओळींत दिवस आधी, काहींत महिना.