टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप: किलोमीटर बघायचे की वर्षं?

गुहागरचा धाकटा

गणपतीला महिना राहिलाय. मुंबई-पुण्याच्या गाड्या गावाकडे निघतील, आणि वर्षभर पडवीत झाकून ठेवलेल्या गाड्याही बाहेर येतील. म्हणून हा धागा आत्ताच काढतोय.

नवख्यांसाठी एक ओळ: टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह (झडपा) एका ठेक्यात चालवणारा दातेरी पट्टा; तो तुटला किंवा घसरला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. वॉटर पंप म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा पंप. माझं मत आधीच सांगतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत राहणाऱ्या गाडीचा टायमिंग बेल्ट वर्षं मोजून बदलावा, किलोमीटर कमी झालेत म्हणून थांबू नये. आणि ज्या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, तिथे पंपही सोबतच बदलावा. "पंप अजून चांगला आहे" म्हणून जुनाच परत बसवू नये.

आमची दीड लिटरची डिझेल, २०१४ची. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. २०१८ला ६२,००० किलोमीटरवर मुंबईत बेल्ट बदलला. तेव्हा मिस्त्री म्हणाले पंप ठीक आहे, उगाच खर्च कशाला. मी मान डोलावली. मग गाडी गावाला बाबांकडे आली. बँक, बाजार, शृंगारतळी, कधी चिपळूणचा दवाखाना. सहा वर्षांत जेमतेम २१,००० किलोमीटर. मी मनात हिशोब धरून बसलो होतो की ६२ हजारांना एकदा बदललाय, आता पुन्हा तेवढे होईपर्यंत चिंता नाही.

गेल्या वर्षी श्रावणात बाबांना घेऊन चिपळूणला निघालो होतो. मार्गताम्हाणे सोडल्यावर चढाला इंजिन एकदम गप्प. धूर नाही, मोठा आवाज नाही. किल्ली फिरवली तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भर्रकन फिरला. इंजिनात दाबच उरला नव्हता. गाडी ओढून नेली. कव्हर काढल्यावर दिसलं: पंपाची पुली बोटाने डुलत होती, तिच्याखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट ओघळ, आणि बेल्टची एक कड दोऱ्या निघालेल्या सुतळीसारखी. आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकले. हेड उतरवून सगळं होईपर्यंत ६८,००० रुपये गेले. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली), पंप आणि मजुरी धरून आधीच केलं असतं तर १४,०००च्या आत झालं असतं.

पैसे गेले ते गेले. सत्त्याहत्तर वर्षांचे बाबा भर पावसात दीड तास रस्त्याकडेला उभे होते, ते मला विसरता येत नाही.

तेरा नंबर पाना

भाऊ, तुमच्या बाबांना त्रास झाला त्याचं वाईट वाटलं. पण मत पटलं नाही.

लांज्याजवळ बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. "बेल्टसोबत पंप बदला" हे हल्ली सगळेच सांगतात. पण बदलून बसवता काय, ते कोणी विचारत नाही. गाडीत कंपनीतून आलेला पंप असतो, तो काढून बाजारातला नऊशेचा पंप घालायचा, आणि आठ महिन्यांत तोच गळायला लागायचा! अशा गाड्या माझ्याकडे दरवर्षी येतात. चांगला पंप काढून वाईट बसवणं याला मी मेंटेनन्स म्हणत नाही.

मी पंप असा बघतो. बेल्ट उतरवला की पुली दोन बोटांत धरून वर-खाली हलवायची. जरासुद्धा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको. मग हळूहळू फिरवायची. बोटांना वाळूसारखी खरखर लागली की पंप बाद. पंपाच्या अंगाला खाली बारीक भोक असतं, सील गेलं की पाणी तिथून येतं. ते भोक कोरडं, पुली गुळगुळीत, तर पंप ठेवायचा.

वर्षांचं म्हणाल तर बारा वर्षांचा बेल्ट काढलाय मी, एक भेग नव्हती. खारी हवा लोखंड खाते, रबर नाही. आणि बेल्ट कव्हरच्या आत असतो.

एक विचारतो, राग मानू नका. गावाला आल्यावर कूलंट कोण भरत होतं आणि काय भरत होतं?

लोटे मेंटेनन्स

मी गाड्यांचा मिस्त्री नाही, लोट्याच्या एका कारखान्यात पंपांच्या देखभालीवर आहे. पानादादांच्या हाताला मान देऊनच दोन मुद्द्यांवर विरोध करतो.

पहिला, "भेग नाही म्हणजे बेल्ट चांगला." पूर्वीच्या बेल्टांचं रबर वेगळं होतं, ते म्हातारं झालं की तडे दिसायचे. आताचे बेल्ट बहुतेक एचएनबीआर नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. त्यांचं वरचं अंग शेवटपर्यंत छान दिसू शकतं. ताण घेतात ते आतले काचतंतूंचे दोर. ते पुलीवर वाकून वाकून आत तुटत जातात, आणि दाते मुळाशी सैल होतात. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. वरचं कव्हर उघडून जो वीतभर बेल्ट दिसतो, त्यावरून निकाल देता येत नाही.

दुसरा मुद्दा उभ्या गाडीचा. वॉटर पंपातही मेकॅनिकल सील असतं, आमच्या कारखान्यातल्या पंपांसारखंच, आकाराने लहान. दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात आणि मधली कूलंटची पातळ फिल्म त्यांना वंगण देते. पंप महिनोन्महिने थांबला की चकत्यांवर क्षार बसतो, आणि एक दिवस अचानक गाडी काढून घाट चढवला की त्या ओरबाडल्या जातात. म्हणून कमी चाललेला पंप नव्यासारखा, असं मी तरी मानणार नाही.

खारी हवा रबर खात नाही हे दादांचं बरोबर आहे. पण टेन्शनर आणि आयडलरची बेअरिंगं लोखंडाचीच असतात, आणि ते प्लास्टिकचं कव्हर धूळ अडवतं, दमट हवा नाही. बेअरिंग अडकलं तरी बळी बेल्टचाच जातो.

सावंतवाडी टुरिस्ट

थोडं थांबा. सगळ्या गाड्यांना एकच नियम लावू नका.

माझ्याकडे जुनी अडीच लिटर डिझेल इनोव्हा होती. तिला टायमिंग बेल्ट आहे, पण वॉटर पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर. तिथे टायमिंग बेल्टसोबत पंप बदलायला लावला तर गिऱ्हाइकाची लूट. तेराशे सीसीच्या स्विफ्ट डिझेलला तर बेल्टच नाही, चेन आहे. तरी लोक "साहेब, टायमिंग बेल्ट बघा" म्हणत गॅरेजला येतात. डस्टरचं दीड लिटर डिझेल घ्या, किंवा पोलो-व्हेंटोची डिझेल. त्यांच्यात पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, तिथे धाकट्या भाऊंचं म्हणणं लागू पडतं. आधी आपलं इंजिन कुठलं ते बघा.

इनोव्हाच्या डॅशवर टायमिंग बेल्टचा दिवा असतो, ठरलेलं किलोमीटर झालं की पेटतो. आंबोली, गगनबावडा, पणजी असं माझं वर्षाला चाळीस हजार व्हायचं. मला तो दिवा पुरला. पडवीतल्या गाडीला तो कामाचा नाही, दिवा वर्षं मोजत नाही, हे मात्र खरं. आमच्याकडचा म्हातारा मिस्त्री म्हणायचा, "गाडी उभी आसा म्हणान बेल्ट म्हातारो होणा नाय, असा काय नाय."

दापोलीची बाई

मी शाळेत शिकवते. माझी छोटी पेट्रोल गाडी २०१२ची, झालेत ३८,०००. बेल्ट पहिलाच आहे. आज विकली तर सव्वा लाख येतील का, शंकाच आहे. तिच्यावर दहा-बारा हजार घालायचे का? पगारातून घर चालतं, त्यामुळे "करून टाका" म्हणणं सगळ्यांना सोपं नसतं. शिवाय काही इंजिनांत बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत, गाडी फक्त बंद पडते असं ऐकलंय. ते खरं आहे का? खरं असेल तर मी वाट का बघू नये?

तेरा नंबर पाना

ताई, खरं आहे. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागा असते, बेल्ट तुटला तरी नुकसान होत नाही. डिझेलमध्ये ही सोय जवळजवळ नसतेच, दाबासाठी वरची जागा फार कमी ठेवलेली असते. तुमच्या गाडीचं नाव आणि इंजिन कळवा, मग नक्की सांगतो.

पण तेरा वर्षांचा पहिलाच बेल्ट असेल तर मीही बदला म्हणेन. छोट्या पेट्रोलला इतका खर्च येतही नाही. अंधाऱ्या रस्त्यावर एकटी बाई गाडी बंद पडून उभी, हे नको. पंप बाहेरच्या बेल्टवर असेल आणि गळत नसेल, तर पंपाला हात लावू देऊ नका.

गुहागरचा धाकटा

पानादादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. कूलंट बाबा भरत होते, आणि विहिरीचं पाणी भरत होते. टाकीतली पातळी उतरली की तांब्याभर. दोन वर्षं तरी. आमची विहीर खाडीपासून लांब नाही, उन्हाळ्यात पाणी मचूळ लागतं. पंप उघडला तेव्हा आतली पाती गंजून करवतीसारखी झाली होती. हे मी वर लिहायला हवं होतं.

तरीही माझं मत तेच आहे. पातळी उतरत होती म्हणजे पंप आधीपासूनच गळत होता. तो २०१८लाच बदलला असता तर पाणी घालायची वेळ आली नसती. आणि पंप बदलायला पुन्हा तोच बेल्ट, इंजिन पेलणारी तीच माउंटिंग, तीच चार तासांची मजुरी. बेल्ट उतरवलेलाच असताना दोन-अडीच हजारांचा पंप वाचवण्यात काय मिळवलं?

नऊशेच्या पंपाचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. यावेळी बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप एकाच खोक्यातलं किट घेतलं. गेट्स, एसकेएफ या कंपन्यांची अशी किट मिळतात.

तेरा नंबर पाना

मचूळ पाणी! मग तुमचा पंप वयाने गेला नाही, पाण्याने गेला. हाच माझा मुद्दा होता. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दुसरं काही नाही. खारं पाणी घातलं तर नवा पंपही दोन वर्षं टिकणार नाही, मग किट कुठल्याही नावाचं असो.

लोटेवाल्या भाऊंचं काचतंतूंचं मात्र मनात राहिलं. मागे एका गाडीचा बेल्ट असाच, बाहेरून कोरा, आणि चार दाते मुळातून साफ. मी तेव्हा माल खराब निघाला म्हणून सोडून दिलं होतं. वर्षांबाबत माझा हट्ट कमी करतो. गाडीच्या पुस्तकात वर्षं लिहिली असतील तर ती पाळावीत. पंप बेल्टवर असेल आणि चांगल्या किटमधला मिळत असेल, तर बदला. चांगला मिळत नसेल तर जुना ठेवा, हे माझं कायम.

आणि कुठेही काम केलंत तरी समोर उभं राहून एक बघा. बेल्ट चढवल्यावर इंजिन पान्याने, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं का, आणि पुल्यांवरच्या जुळणीच्या खुणा परत जुळल्या का. त्याआधी कोणी स्टार्टर मारू लागला तर हात धरा. नवा बेल्ट कोणी घडी घालून खिशात कोंबून आणला असेल तर तो परत करा, आतले दोर तिथेच मोडतात.

दापोलीची बाई

गाडीचे तपशील तुम्हाला निरोपात पाठवलेत दादा. बेल्ट या महिन्यात करते. पंप उतरवला तर दोन बोटांत धरून मी स्वतः फिरवून बघणार.

गुहागरचा धाकटा

ताई, बघाच. आणि जुना बेल्ट मागून घ्या. आमचा मी पडवीत खुंटीला टांगून ठेवलाय, शेजारी कूलंटचा कॅन. बाबांनी त्यावर खडूने लिहिलंय: विहिरीचे पाणी घालू नये.